रस्त्याची कड वाचणारा मिलिंद

मिलिंदचा नंबर मोबाईलवर दिसला तेव्हा मी जुन्या जालन्यात, नातीच्या बारशासाठी कापड घेत होतो. एकोणीस दिवसांनी त्याचा फोन येत होता. मनातून बरं वाटलं, पण ते दाखवायचं कशाला, म्हणून फोन उचलताच म्हणालो, "उतरला का रे राग?" पलीकडून त्याच्या मुलीचा, पल्लवीचा आवाज आला. "काका, पप्पा गेले." मी विचारलं, कुठं गेले? खरंच विचारलं. ती रडायला लागली तेव्हा कळलं... दुकानदाराने हातातलं कापड काढून घेतलं आणि मला स्टुलावर बसवलं. सत्तावन्न वर्षांचा माणूस, सकाळी ड्यूटीवर निघताना शर्टाची बटणं लावता लावता खाली बसतो आणि संपतो. सहा आठवडे झाले, हे वाक्य लिहिताना मला अजून ते खोटंच वाटतं.

आमची ओळख रस्त्यावर झालेली. मी अंकुशनगरला कारखान्याच्या शेतकी खात्यात, उसाच्या नोंदी घेत बांधाबांधाने फिरणारा, आणि तो सरकारी रस्त्यांच्या कामावर मिस्त्री. त्याचे वडील मैलकुली होते. म्हणजे ठरवून दिलेल्या चार मैलांवरचे खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, दगडांना चुना लावायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. शाळेला सुट्टी असली की मिलिंद घमेलं घेऊन त्यांच्या मागे. त्यामुळे असेल, पण माझ्या मोटारसायकलवर मागे बसला की हा गडी कधी समोर बघायचाच नाही. कडेला बघायचा, आणि मध्येच माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "थांब जरा, इथं रस्त्याखालची मोरी बसून राह्यली."

तीन वर्षांपूर्वी पल्लवीने त्याच्या मोबाईलवर एक खेळ घालून दिला. जगातल्या कुठल्यातरी रस्त्याचं, गाडीवरच्या कॅमेऱ्याने टिपलेलं दृश्य समोर येतं. बोटाने फिरवून आजूबाजूला बघायचं आणि देश ओळखायचा. मिलिंदकडे पासपोर्ट नव्हता, हैदराबादच्या पुढे तो कधी गेला नव्हता, इंग्रजी जेमतेम. पण अंबडच्या स्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही पाचजण चहाला बसलो की हा भजी खाता खाता देश ओळखायचा. विजेच्या खांबाला ताण देणाऱ्या तारेवर पिवळं-काळं वेष्टण दिसलं की जपान. रस्त्याकडेच्या पांढऱ्या खुंटीला लाल पट्टा दिसला की फ्रान्स. मी पाटीवरची अक्षरं लावायला गेलो की मोबाईल बाजूला ओढायचा. "पाटी कुणीबी वाचतंय, वसंता. कड बघ. पाटी एका दिवसात बदलते, कड बदलायला पिढी लागते."

आता माझ्या मूर्खपणाचं सांगतो. फिरत फिरत माझ्याकडे एक फोटो आला होता, कुणी काढला काही लिहिलेलं नाही. अरुंद डांबरी रस्ता, दोन्हीकडे ऊस, ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या उसाने शिगोशीग भरलेल्या. उसात तीस वर्षं घालवलेला माणूस मी. भरलेली ट्रॉली बघितली आणि मनाने ठरवूनच टाकलं, हा आपल्या कारखान्याकडे जाणारा रस्ता. मिलिंदची जिरवायची म्हणून सगळ्यांसमोर फोटो त्याच्यापुढे धरला. "सांग, देश कोणता?"

तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "हे आपलं न्हाई. आफ्रिकेतलं हाय. युगांडा, बहुतेक."

काय हसलो आम्ही. मी तर टेबलावर हात आपटले. "जपान वळखतो अन् घरचा रस्ता वळखंना." तो समजावत होता, "लाल माती बघ की." मी म्हणालो, मुरूम आहे. "मुरूम कडेला हातभर असतो. इथं आत उसाच्या बुडाला बी तीच माती. मंग? अन् ह्ये पोल..." मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. मी उसातला, मला ऊस शिकवतो का, असंही म्हणालो. त्याने चहा संपवला, मोबाईल खिशात टाकला आणि उठला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही नाही. मी फोन करायला हवा होता... केला नाही. आपणच का नमतं घ्यायचं, ह्या अकडीत एकोणीस दिवस गेले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेजी बोलत होते आणि माझ्या डोक्यात एकच. हा माणूस माझ्यावर रागावून गेला का? वहिनींना विचारायची हिंमत झाली नाही. त्या काय सांगतील याची भीती वाटत होती.

गेल्या आठवड्यात आमच्या कॉलनीतला सुनील भेटायला आला. फिटर आहे, दोन वर्षांपासून परदेशातल्या एका साखर कारखान्यात नोकरीला. सुट्टीवर येताच त्याला मिलिंदचं कळलं होतं. बसल्या बसल्या म्हणाला, "मिलिंदकाकांचा फोन आल्ता मला, महिना-दोन महिने झाले आसतील. फोटो कुणाकडून आला ह्ये एकेकाला इचारत माझा नंबर काढला त्यांनी. त्यो उसाच्या ट्रॉल्यांचा फोटो मीच काढल्ता ना. युगांडाचा."

मी त्याला ते पुन्हा सांगायला लावलं.

"मंग त्याला कळलं होतं?" मी विचारलं.

"हाटेलातून उठले त्याच संध्याकाळी. लई खूश झाले. पण म्हणले, सुनील, कुणाला बोलू नको. वसंतानं चार लोकांत छाती ठोकून सांगितलंय, त्याला खाली बघावं लागंल. म्हणले, मी बी थोडे दिवस बसत न्हाई त्याच्याजवळ. समोर आला की माझ्या तोंडातून निघून जाईल."

सुनील गेल्यावर मी तो फोटो उघडला. ऊस सोडून पहिल्यांदाच कडेला बघितलं. ओळीने तीन पोल उभे होते, लाकडाचे, सोललेल्या बुंध्याचे, अगदी समोर उभे असावेत इतके स्पष्ट. आपल्याकडे लाकडाचा पोल मी शेवटचा कधी बघितला तेही आठवेना. हेच तो सांगत होता आणि मी हसत होतो.

रागावला असता तर बरं झालं असतं. त्याच्या रागाची माफी मागता आली असती, निदान त्याच्या फोटोसमोर उभं राहून. तो माझी अब्रू सांभाळत घरी बसला होता, आणि मी इकडे त्याला अकडू म्हणत होतो. हॉटेलातल्या तिघांना मी हे सांगायला गेलो. ते म्हणाले, जाऊ द्या, गेलेल्या माणसाचं आता काय. पण ते तिघं, आणि त्या दिवशी शेजारच्या टेबलांवरून हसलेले बाकीचेही, रविवारी ही पुरवणी वाचतात हे मला माहीत आहे. म्हणून हे इथे लिहिलं. मिलिंद, तू नको म्हणाला होतास, तरी सांगितलं. आता मला खाली बघू दे.