कुणी न पाहिलेलं जनावर

ड्रॉइंगच्या सरांनी फळ्यावर एक ओळ लिहिली, ‘कुणीही न पाहिलेले जनावर काढा’, आणि ते खुर्चीत बसून हजेरीपटाने वारा घेऊ लागले. बहात्तरचा दुष्काळ चालू होता. आमचं गाव मिरजगावच्या अलीकडे. वर्गातली निम्मी मुलं आईबापांबरोबर सरकारी कामावर खडी फोडायला गेली होती. मी नववीत होते आणि मला खडीवर धाडलं नव्हतं, कारण सकाळची शाळा सुटल्यावर घरी गायीजवळ कुणीतरी लागायचं.

मी तीन तोंडांचं, वाघाच्या पंजांचं, पंखवालं जनावर काढलं आणि मोठ्या ऐटीत सरांपुढे ठेवलं. सर केडगावचे, बोलायला तुसडे. त्यांनी लाल पेन्सिल घेतली. हे हवेत तरंगतंय, म्हणाले, याचं वजन कुठे गेलं? पंख खांद्यातून फुटलेत की पाठीतून? एवढी तीन डोकी ही काडीसारखी मान पेलणार कशी? शेवटी म्हणाले, आधी खरं जनावर नीट बघ, मग खोटं काढ. मला राग आला. चूक दाखवली की मला अजूनही आधी राग येतो, अक्कल मागून येते.

संध्याकाळी कामावरून येऊन आई मिलोची भाकरी थापत होती. तो अमेरिकेतला तांबडा जोंधळा रेशनवर मिळायचा आणि त्याची भाकरी घशाखाली उतरायची नाही. थापता थापता तिने चित्राकडे बघितलं.

"तीन तोंडं काढलीस व्हय? हितं एकाचं भागंना," ती म्हणाली आणि तव्याकडे वळली.

ते एक तोंड म्हणजे आमची गाय. आईला माहेरहून आंदण मिळालेल्या गायीची ती कालवड. तिला नाव होतं, ते मी इथे लिहिणार नाही. बैल आधीच विकले होते. गाय जामखेडच्या बाजारात न्यावी असं वडील म्हणत होते. तिथे तेव्हा खाटकाशिवाय गिऱ्हाईक नव्हतं, हे आईला ठाऊक होतं. गुरांच्या सरकारी छावणीत बांधायची तर एका माणसाने तिथेच राहायला हवं, आणि दोघंही कामावर गेल्याशिवाय चूल पेटत नव्हती. आईने साफ नाही म्हटलं. गाय पावसापर्यंत तगावी, एवढंच तिला हवं होतं. खडीवर मजुरांना सुकडी, म्हणजे गूळ घातलेलं भाजकं पीठ, मिळायची; स्वतःच्या वाट्याची ती पदराच्या टोकाला बांधून आणायची आणि गायीपुढे धरायची. वडिलांना ते दिसायचं.

मी दुपारभर गायीजवळ बसून जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर काढत राहिले. गाय वजन कोणत्या पायावर टाकते, मान खाली घालताना खांद्याचं हाड कसं सरकतं, हे बघायला लागले. पहिल्यांदा काही जमेना. मग गाय वाळत गेली तसं काढणं सोपं होत गेलं. हे लिहायला जड जातं, पण खरं ते खरं. भरल्या अंगात हाड शोधावं लागतं. हिची हाडं आपणहून वर येत होती. चाऱ्याला उसाचं वाढं, म्हणजे शेंडे, घेऊन ट्रक येणार, असं रोज कुणीतरी सांगायचं. आला की तालेवारांच्या दारातच रिकामा व्हायचा.

दुसऱ्या खेपेला सर म्हणाले, खुबा बरोबर आलाय, मान अजून खोटी आहे. पुढच्या खेपेला मी पंख काढलेच नाहीत. एकच तोंड ठेवलं. फासळ्या, वर आलेले खुबे, एका बाजूला कललेलं वशिंड, आत गेलेले डोळे, आणि पाठीच्या मणक्यांतून बाभळीसारखे काटे फुटलेले. सरांनी कागद उजेडाकडे वळवला.

"आता याची भीती वाटते," ते म्हणाले. "कशावरून काढलंस?"

आमच्या गायीवरून, मी सांगितलं. त्यांनी लाल पेन्सिल खिशात ठेवली आणि चित्र माझ्या हातात दिलं. मला मात्र आभाळ ठेंगणं झालं होतं.

घरी आले तर गाय बसलेली. आई कामावर गेलीच नव्हती. शेजारच्यांनी पोटाखालून वासा घालून गायीला उभं करून बघितलं, पण पाय धरेनात. वासा काढला की ती पुन्हा खाली. आईने तिच्या तोंडात पेज ओतली, ती जिभेवरून परत बाहेर आली. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत गाय गेली. पाऊस अजून फार लांब होता.

चित्र मी दप्तरात लपवलं होतं. काही दिवसांनी ते आईला सापडलं. ती उंबऱ्यात बसून बघत होती. मी समोर उभी, आता ही फाडणार असं धरूनच.

"आपलीच हाय ही," आई म्हणाली. "लई बराबर काढलीस. आता चांगली हुती तवाची काढ."

मी लगेच बसले. इतका हुरूप मला सरांच्या तासालाही कधी आला नव्हता. शिंगं काढली, एक जरा आत वळलेलं होतं तसंच. चारी पाय काढले, खुरांसकट. मग अंग काढायला घेतलं आणि हात अडला. रेघ ओढली की खुबा वर यायचा. खोडून पुन्हा ओढली की फासळी दिसायची. इतक्या बारकाईने मी तिला बघितलं होतं ते ती वाळत असताना. त्याआधीची गाय माझ्या डोळ्यांत नव्हतीच. खोडून खोडून कागद मधोमध विरला.

"आये, पोट कसं गं हुतं तिचं?"

आईने हात उचलला. गायीच्या मानेवरून फिरवायची तसा तो हवेत फिरवला, वशिंडावरून पाठीवर आणला, आणि पाठीवरून खाली येताना तो थांबला. तिने पुन्हा मानेपासून सुरुवात केली. पुन्हा हात तिथेच थांबला.

"मलाबी आठवंना, बाय," ती म्हणाली.

आमच्या दोघींच्या मधे तो कागद होता. वर दोन शिंगं आणि खाली चार पाय अगदी नीट काढलेले होते, आणि मधे काहीच नव्हतं.