नांदेड ते लातूर, विमानानं

नवऱ्यानं मोबाइलवर कुठंतरी वाचलं की नांदेडहून लातूरला विमानानं अर्धा तासही लागत नाही. मी तेव्हा डब्यात धपाटे भरत होते. "मग विमानानंच जाते," मी म्हटलं, "बसस्टँडवर उतरवतील ना?" तो हसला. मला हसू आलं नाही. दर रविवारी लोहा, अहमदपूर करत एसटीनं जायचं, लेकीला डबा द्यायचा, तिचे मळके कपडे घेऊन परतायचं, आणि सोमवारी शाळेत पोरांना भूगोल शिकवायचा. नकाशावरच्या अंतराचा मला वीट आला होता.

लेक लातूरला डॉक्टरकीच्या प्रवेशाचा क्लास करत होती. पहिल्या वर्षी मार्क कमी पडले, म्हणून पुन्हा.

भूकंप झाला तेव्हा मीही लातूरलाच शिकत होते. वसतिगृहाच्या भिंतीला भेगा पडल्या, आम्ही पोरी मैदानात येऊन बसलो. दुसऱ्या दिवशी कंधारकडच्या गावाहून मिळेल त्या गाडीनं वडील आले. "पेटी भर," एवढंच म्हणाले. त्या पेटीवर बसून मी किती रडले, सुटल्याच्या आनंदानं.

त्यानंतर आमच्याकडं झोपताना पालथ्या तांब्यावर स्टीलचा पेला ठेवायची सवय लागली. जमीन हलली तर पेला पडतो नि जाग येते. तेव्हा बऱ्याच घरांत ठेवत. बाकीच्यांनी केव्हाच सोडून दिलं, मी मात्र अजून ठेवते. लेक त्यावरून माझी यथेच्छ टिंगल करायची. हॉस्टेलला जाताना तिच्या सामानात तांब्या-पेला घातला, तर म्हणाली, "मम्मी, मी यात चहा पिणार हाय बघ."

त्या रविवारी तिच्या खोलीत गेले, तर उशाशी तांब्या पालथा आणि त्यावर पेला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पोरीनं ऐकलं म्हणायचं एकदाचं. मग धुवायला मागच्या रविवारचा डबा उघडला. धपाटे होते तसेच होते, बुरशी धरलेले.

"जेवत न्हाईस का गं? भूकंपाची भीती वाटायली का?"

"भीती न्हाई." ती पुस्तकातच बघत होती. "पेला पडला की तू न्यायला येशील ना. आबा तुला न्यायला आले होते तसं. रोज झोपताना वाटतं, आज पडंल."

मी कॉटवर बसले. दर रविवारी येत होते मी, डबा देत होते, अभ्यास कर म्हणत होते, आणि ही पोर जमीन हलायची वाट बघत होती. क्लास, नवरा, नातेवाईक काय म्हणतील, सगळं डोक्यात येऊन गेलं. भयंकर थकले होते मी. पेला उचलून पिशवीत टाकला.

"बॅग भर," मी म्हटलं.

गाडी स्टँडमधून बाहेर पडेपर्यंत ती माझ्या खांद्यावर झोपलीसुद्धा. कंडक्टर आला.

"दोन नांदेड," मी म्हटलं.