आमच्या ह्यांचं उत्तम शहर

परदेशात राहायला सगळ्यात चांगलं शहर कुठलं, हे मला विचारा. मी आपला देश ओलांडलेला नाही, पण सांगू शकते, कारण सहा वर्षं आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. सकाळी चहाबरोबर दुबई, संध्याकाळी जेवताना मस्कत. कुवेतचा उकाडा, बहारीनची मासळी, दोह्याचं पाणी. ऐकून ऐकून माझे कान किटले.

आमचे हे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका रसायनाच्या कारखान्यात बॉयलरवर होते. ऐंशीच्या आगेमागे आखातात बॉयलरवाल्यांना मागणी होती. ह्यांच्या पाळीतले दोघे-तिघे गेले, त्यातला एक सुट्टीवर आला तो भला मोठा टेपरेकॉर्डर घेऊनच. झालं. ह्यांनीही मनावर घेतलं. बरं, जायचं तर जावं ना माणसानं. ते नाही. "उगाच कुठंपण जाऊन पडायचं नाय," हे म्हणाले. "आधी बघायचं, राहायला चांगलं कुठं हाय ते."

आणि बघायचं कसं, तर वहीत. दोनशे पानी वही आणली, पट्टीनं रकाने आखले. पाणी, हवा, मासळी, शाळा, मराठी माणसं, गणपती बसवतात की नाही. प्रत्येक शहराला दहापैकी मार्क. मी पालघरच्या शाळेत शिक्षिका. दिवसभर पोरांच्या वह्या तपासून एसटीने बोईसरला यावं, तर घरी हे कुवेतचा पेपर तपासत बसलेले. कुवेतला मासळीत सात द्यावेत की साडेसात, ह्यावरून एकदा आमचं चक्क भांडण झालं. दोन दिवस अबोला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ती गत.

मग पत्रं. ओळखीपाळखीचा जो कोणी तिकडे होता त्याला ह्यांनी प्रश्नांची यादी पाठवली. उत्तरं आली आणि घोळ आणखी वाढला. मस्कतवाल्याने लिहिलं, दुबईत मजा आहे. दुबईवाल्याने लिहिलं, कुवेतची सर दुबईला नाही. कुवेतवाल्याने मस्कतचे गोडवे गायले आणि खाली लिहिलं की कोणी येणार असेल तर सुके बोंबील पाठवा. मी म्हटलं, "अहो, जो जिथे आहे तो तिथे सुखी नाही, एवढं तरी लिहा वहीत. दुरून डोंगर साजरे." हे म्हणाले, "तसा रकाना नाय."

किनाऱ्यावरच्या मुरबे गावची एक मावशी आमच्या चाळीत मासळी घेऊन यायची. तिचा मुलगा जहाजावर खलाशी. ह्यांनी तिलाही सोडलं नाही. ती पाटी टेकवून बसली आणि म्हणाली, "माझा पोर सगली गावं फिरलाय. पन त्याला इचारलं, तर सांगतो, आये, बंदराचा दरवाजा सगलीकडं सारकाच हाय. आत कुठं सोडतात त्याला?" मला हसू आवरेना. हे मात्र गंभीर. विचारतात कसे, "पण दरवाज्यावरून कुठलं बरं वाटलं त्याला?" मावशीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे.

हसण्यावारी नेलं असतं मी हे सगळं. पण ह्या शहरांच्या पायी आमचं इथलं घर मांडायचं राहून गेलं होतं. चाळीतल्या दोन खोल्या, त्यांतही भिंतीला खिळा मारायची बंदी. फळी ठोकू म्हटलं की "आता काय, वर्षभरात जायचंच हाय." कपाट घेऊ म्हटलं की "तिकडं नेता येणार हाय काय ते?" भांडी खोक्यात, कपडे ट्रंकेत, मुलीचा अभ्यास त्याच ट्रंकेवर. मागच्या नाल्याला रोज नवा रंग. वाऱ्याची दिशा फिरली की वाळत घातलेल्या पांढऱ्या पातळावर कुठल्याशा कारखान्याचे गुलाबी ठिपके पडायचे. ते धुऊन जात नसत. अशी तीन पातळं मी घरात नेसून संपवली. बहारीनच्या हवेला ह्यांनी साडेसहा दिले, बोईसरच्या हवेला कधी मार्क दिलेच नाहीत.

अशात आमच्या शाळेतल्या शिक्षकांनी मिळून गृहनिर्माण सोसायटी काढली. जागा पालघरजवळ, कोळगावला. तेव्हा तिथे गवत आणि ताडाची झाडं, बाकी काही नाही. एका रविवारी आम्ही शिक्षिका बघायला गेलो. हेडमास्तरांनी चुन्याच्या रेघा दाखवल्या. कडेचा एक तुकडा मला इतका आवडला की मी चप्पल काढून त्यावर उभी राहिले. मनात स्वयंपाकघर कुठे, तुळस कुठे, सगळं मांडून झालं. सहा वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी हवंसं वाटलं होतं.

घरी येऊन सांगितलं. हे म्हणाले, "कोळगावला जागा घेऊन करायचं काय? आपलं शहर ठरू दे आधी." हप्ता माझ्या पगारातून जाणार, सही माझी लागणार. तरी मी थांबले. नवऱ्याने हो म्हटल्याशिवाय घराच्या कागदावर सही करायची नसते, असं मला कोणी सांगितलं होतं देव जाणे. हेडमास्तरांनी दोनदा मुदत वाढवून दिली. शेवटी म्हणाले, "बाई, येत्या शनिवारी सांगा. यादीत मागे चौघं उभे आहेत, मला आता थांबवता येणार नाही."

आणि योग बघा, त्याच आठवड्यात मुंबईच्या एजंटाचं पत्र आलं. ह्यांचं काम झालं होतं. मस्कत किंवा कुवेत, दोन्हीकडे जागा आहे, कुठली हवी ते आठ दिवसांत कळवा. मी देवापुढे साखर ठेवली. म्हटलं, सुटलो. हे गेले की मी सही करीन. नाहीतर सगळेच जाऊ आणि सही करायची नाही. काय ते एकदाचं एक होऊ दे.

हे वही घेऊन बसले. मस्कत त्रेपन्न, कुवेत त्रेपन्न. पुन्हा बेरीज केली. पुन्हा त्रेपन्न. गणपतीचा अर्धा मार्क इकडून तिकडे सरकवला, परत आणला. सोमवार गेला, मंगळवार गेला. शुक्रवारी संध्याकाळी मी भाजी चिरत होते आणि हे समोर तसेच. माझ्या डोक्यावरून पाणी गेलं. विळी बाजूला सारून म्हटलं, "मस्कत म्हणा. नाहीतर कुवेत म्हणा. पण आज म्हणा. उद्या शनिवार आहे."

ह्यांनी वही मिटली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मी जात नाय."

"का?"

"तिकडं आपलं कोण हाय? रस्त्यात ओळखीचं माणूस भेटायचं नाय. आपली बोली नाय. आजारी पडलो तर पाणी कोण देईल? जिथं कोणी आपलं नाय, तिथं माणसानं राहायचं कसं, तूच सांग."

टोमणा नव्हता तो. अगदी मनापासून विचारत होते. पालघरजवळच्या वाडीत जन्मलेला माणूस, पालघरला शिकला, बोईसरला कामाला लागला, चार रात्री बाहेर काढल्या नाहीत कधी. भ्यायले होते बिचारे. आणि मला कीव यायच्या ऐवजी संताप आला.

"मी राहिले ना," मी म्हटलं.

"कुठं?"

खरंच विचारलं त्यांनी. कुठं, म्हणून.

मी वर्ध्याची. मामाने स्थळ आणलं आणि लग्न करून मला इकडे धाडलं तेव्हा बावीस वर्षांची होते. समुद्र बघितलेला नव्हता. मासळी साफ करताना पहिले चार महिने मला उलट्या व्हायच्या, तरी रोज करायचे. मी आमच्याकडच्यासारखं "करून राहिली" म्हटलं की नणंदा तोंडाला पदर लावून हसायच्या, म्हणून मी बोलणंच कमी केलं. पहिल्या पावसाळ्यात तापाने फणफणले, तेव्हा पाण्याचा तांब्या स्वतःच भरून उशाशी ठेवला होता. माझं माणूस एक नव्हतं आसपास. इथलं पाणी कसं, हवा कशी, माणसं कशी, मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

हे सगळं मी बोलले. त्यांच्याइतक्याच खालच्या आवाजात, भाजी तशीच टाकून. हे ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "पण ते तर तुझं घरच होतं."

मी उठून भाजी फोडणीला टाकली.

शनिवारी शाळा सुटल्यावर हेडमास्तरांनी कागद पुढे केला. "घरी विचारलंत ना, बाई?" त्यांनी सवयीने विचारलं. "नाही," म्हटलं, आणि दाखवलं तिथे सही केली.

मग एसटी स्टँडवर येऊन बाकावर बसले आणि रडायला लागले. ह्यांच्यावरचा राग केव्हाच उतरला होता. माझ्या स्वतःच्या सहीसाठी मी इतकी वर्षं दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसले, ह्याचा राग येत होता. बोईसरच्या दोन गाड्या माझ्यासमोरून गेल्या, त्या मी जाऊ दिल्या.