अठरा माणसांचा बँड

सोनाळ्याचा कडूबा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. जळालेली मोटार आली की तो आधी तिला कान लावतो, मग वास घेतो आणि मगच मालकाकडे बघतो. तपासल्याशिवाय काहीच खरं मानायचं नाही, हा त्याचा धर्म. लग्नाआधी माझा फोटो यांनी पाठीमागूनही पाहिला होता, असं त्याची बायको कोकिळा अजून सांगते.

त्यांच्या लेकीच्या, मयुरीच्या सोयरिकीची बैठक अगदी गोडीत पार पडली. उठता उठता होणारे व्याही, नवरदेवाचे वडील उत्तमराव म्हणाले, "बँड तुमच्याकडून. पन अठरा मानसांचा पाह्यजे हो. आमच्या वडनेरचे पाहुने जेवन विसरतात, पन बँडातली मानसं मोजतात."

कडूबा "हाव" म्हणून मोकळा झाला आणि भाव विचारल्यावर खाली बसला. गाठीशी होतं त्यात फार तर सात जण आले असते.

"सात जनं पाहून इवाई मांडवात पाय नाई ठेवाचे," कोकिळा म्हणाली. "बैठकीत माहा कोपर तुम्हाले लागून राह्यला होता, तरी हाव म्हनलं!"

तिसऱ्या दिवशी कडूबा संग्रामपूरला रहेमतुल्ला मास्तरांकडे गेला. मास्तरांची बँडपार्टी पंचक्रोशीत नावाजलेली. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ लावला. कडूबाने मोबाइल परत दिला.

"मोटार काय मी फोटो पाहून दुरुस्त करतो? समोर आयकू द्या."

म्हणून त्याच संध्याकाळी, मास्तरांचा बँड वाजत होता त्या एका अनोळखी वरातीत तो शिरला. लोक नाचत होते आणि कडूबा एकेका वाजवणाऱ्याजवळ कान नेत चालला होता. एक धिप्पाड गडी भला मोठा पितळी भोंगा खांद्यावर घेऊन निघाला होता. गाल टम्म, डोळे मिटलेले, आणि भोंग्यात मात्र सामसूम. कडूबाने आत हात घातला. हाताला फडकं लागलं.

"भाऊ, ते माही भाकर हाये," गालातली हवा सोडत तो म्हणाला.

वरात संपल्यावर कडूबाने मास्तरांना गाठलं. "मास्तर, दिसले अठरा. आयकू आले सात."

मास्तर रागावतील असं त्याला वाटलं होतं. ते तर खूश झाले. "तीस वर्सात आयकनारं गिऱ्हाईक तुम्ही पह्यलं! लोकायले मानसं पाह्यजे, मी मानसं देतो. सात कारागीर हायेत, बाकी अकरा नुसते कोट घालाले."

"मंग मले सात कारागीर द्या, अन् अकरा कोट भाड्यानं. मानसं माह्या घरची."

मास्तरांनी दाढी खाजवली. "कबूल. पन भोंग्यात कोनी फुकाचं नाई. एकानं जरी फुकलं, तं माह्या नावाची माती."

लग्नाच्या दिवशी कडूबाचे दोन भाऊ, तीन साडू, दुकानाशेजारचे पाच जण लाल कोटात उभे राहिले. सर्वांत मोठा भोंगा आला कोकिळेच्या एकुलत्या एक भावाच्या, भागवतच्या खांद्यावर. कारण तो कोट त्याच्याच अंगाला होत होता. उत्तमरावांनी मांडवाच्या दारात बोटाने अठरा मोजले, पुन्हा मोजले आणि मिशीवरून हात फिरवला.

अंतरपाट धरला गेला. भटजींनी विचारलं, "मुलीचे मामा कुठे आहेत?"

कोकिळेने कडूबाकडे पाहिलं. कडूबाने बँडकडे पाहिलं. सगळं तपासलं होतं. मयुरीला मामा एकच आहे आणि मंगलाष्टकांना त्याने तिच्या मागे उभं राहायचं असतं, एवढंच राहून गेलं होतं.

सोनेरी झालरी हलवत भागवत रांगेतून निघाला. भोंगा ठेवायला जागा दिसेना, म्हणून समोर दिसलेल्या हातांत त्याने तो दिला. ते हात उत्तमरावांचे होते.

"हे मामा होत?" उत्तमरावांनी कडूबाला विचारलं. "बँडात काऊन?"

कडूबाला खोटं बोलायचा सराव नव्हता. मंगलाष्टकांच्या आवाजाखाली त्याने सगळं सांगून टाकलं. "सात खरे, अकरा सोयरे. माही ऐपत तेवढीच, इवाई. तोंडातून हाव निंघून गेलं होतं."

मांडवात अक्षता पडत होत्या, आणि कडूबाचं लक्ष उत्तमरावांच्या मिशीवर होतं. तेवढ्यात मागून वडनेरच्या एका पाहुण्याचा आवाज आला. "पंधरा... सोळा... सतरा. एक कमी हाये बे!"

उत्तमरावांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं. मग फेट्यासकट ते रांगेत जाऊन उभे राहिले आणि भोंगा खांद्यावर चढवला.

"गाल असेच फुगवाचे ना?" ओठ न हलवता त्यांनी विचारलं.

"अजून थोडे, इवाई," कडूबा म्हणाला.