हिराबाईनं दिलेला तांब्याचा बंब

मंडळी, आज सकाळी आत्याला तपासायला पनवेलच्या दवाखान्यात नेलं होतं. पन्नासच्या दशकात ती इथल्याच एका छोट्या सूतिकागृहात नर्स होती. नंबर यायला वेळ होता, म्हणून मी विचारलं, "तेव्हा तुमच्याकडे सोयी काय होत्या गं?"

"आधी पाणी तापवायला नुसती चूल होती. मग हिराबाईनं बंब दिला."

हिराबाई उरणकडची, मिठागरात काम करणारी. तिच्या बाळंतपणाच्या वेळी लाकडं ओली होती, चूल पेटेना. बाळ गारठलेलं आणि डॉक्टर गरम पाण्यासाठी खोळंबलेले. बाळ कसंबसं वाचलं.

महिन्याभरानं ती बैलगाडीतून घरचा तांब्याचा बंब घेऊन आली.

आत्यानं विचारलं, "तुला घरी नको का?"

"आमी चुलीवर तापवू. इथं कुना बाईला थांबाया लागू नाय."

सकाळी एकदा बंब पेटवला की पाणी तासन्‌तास गरम राहायचं, त्यामुळे त्यानंतर सूतिकागृहात गरम पाणी कायम तयार असायचं. बाळाला लगेच ऊब देता यायची.

मला मात्र दुपारपासून एकच प्रश्न पडलाय. तिच्या घरात मोलाची वस्तू तेवढीच होती. सासूला आणि नवऱ्याला काय सांगून तिनं तो बंब गाडीत चढवला असेल? आत्या म्हणते, हे विचारायचं राहूनच गेलं.

तुम्हाला काय वाटतं?