फिट हाय की, साहेब!

आमच्या कॅज्युअल्टीत कापूस संपतो, सलाईनचा स्टँड हरवतो, पंखा तर गेल्या उन्हाळ्यापासून नुसता आवाज करतो. पण किस्से मात्र कधी कमी पडत नाहीत! त्यातले निम्मे पेशंटचे आणि निम्मे पोलिसांचे. पेशंटचे मी सांगणार नाही, ते त्यांचे त्यांच्यापाशी. पोलिसांचे हक्कानं सांगते, कारण ते घडवायला त्यांनी स्वतः मेहनत घेतलेली आहे.

त्याचं असं आहे. कुणालाही अटक झाली की पोलीस त्याला आधी आमच्या सरकारी दवाखान्यात तपासायला आणतात. मारहाण झालीय का, काही आजार आहे का, कोठडी झेपेल का, हे डॉक्टरनं बघायचं. झेपेल असं वाटलं तर लिहायचं, ‘फिट फॉर कस्टडी’. म्हणजे आमच्या एका शब्दावर ठरतं, माणूस कोठडीत जाणार की वॉर्डात. पोलिसांना तो शब्द लवकर हवा असतो आणि आम्हाला तो खरा हवा असतो. एवढ्यावरून मी सोलापुरात कितीतरी भांडणं केली आहेत, आणि सांगायला आनंद वाटतो की बहुतेक जिंकली आहेत.

*

भांडायला शिकवलं मेजर सरांनी. ते मूळचे मोडनिंबचे. फौजेत डॉक्टर होते, रिटायर झाल्यावर आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टवर आले. बोलणं एकदम कडक इस्त्रीचं. फक्त खरंच राग आला की इस्त्री मोडते आणि आतून मोडनिंब बाहेर येतं.

आल्या दिवशीच त्यांनी दोन नियम लावले. आरोपी तपासणीला आला की बेडी काढायची आणि पोलिसांनी पडद्याबाहेर थांबायचं. कारण साधं होतं. ज्यानं मारलं तोच शेजारी उभा असेल, तर कोण कशाला सांगेल कुठं दुखतंय ते?

आमचे रोजचे बनसोडे हवालदार हादरलेच. चांगला माणूस, पण बेडी काढायची म्हटलं की त्यांना किल्लीच सापडायची नाही.

“सर, बेडी काढली आन् ह्यो पळून गेला तर?”

“किती लांब पळेल?”

“आता ते कसं सांगू? लई चपळ हाय. थेट रेल्वे स्टेशनपतुर जाईल की!”

“जाऊ दे,” मेजर सर म्हणाले, “स्टेशनपर्यंत पळाला, तर मी डोळे झाकून फिट लिहून देतो!”

*

‘फिट’ हा शब्द आमच्या वाट्याला आला हेच मुळात संकट. इंग्रजीत फिट म्हणजे ठणठणीत. आपल्याकडे फिट म्हणजे फेफरं! आता हे दोन्ही एकाच दारातून आत आले तर काय होईल?

झालं तेच. वैरागच्या बाजारात मारामारी केलेला एक तरणा माणूस बनसोडेंनी आणला. ड्यूटी माझी होती. मी त्याचा बीपी घेत होते आणि बाहेर त्याची आई हवालदारांशी बोलत होती. थोड्या वेळानं बनसोडे पडद्यातून तोंड घालून म्हणाले, “म्याडम, करा की सही. त्याची आई सुदिक म्हंती, फिट हाय.”

“आई कशी सांगेल?”

“आवं, दोन सालापसनं फिट हाय म्हंती!”

मला शंका आली. मी म्हटलं, आणखी काय म्हणते विचारा. बनसोडे गेले आणि खुशीत परत आले. “म्याडम, झोप न्हाय झाली की तर लईच फिट! मी म्हंतो, बिनझोपेचा फिट राहणारा माणूस आमच्या खात्यात पायजे हुता!”

मी धावतच बाहेर गेले. म्हातारीच्या हातात गोळ्यांचं पाकीट होतं. डोळ्यांत पाणी. “म्याडम, त्याला झोपू द्या वो. न्हायतर रात्री आत कोण बघंल त्याला?”

मी पाकिटावरचं नाव वाचलं. फेफऱ्याच्याच गोळ्या! तो माणूस कोठडीत एकटा, जागा आणि गोळीशिवाय राहिला असता, तर सकाळी काय झालं असतं ते मला सांगायचंसुद्धा नाही. त्याला वॉर्डात ठेवला. मेजर सरांनी दुसऱ्या दिवशी फर्मान काढलं, कॅज्युअल्टीत हा शब्द तोंडानं उच्चारायचा नाही. तेव्हापासून बनसोडे आरोपीला घेऊन येतात आणि विचारतात, “म्याडम, ह्यो ‘त्ये’ हाय का?”

*

आता तुम्हाला वाटेल, आम्ही सगळ्यांना वॉर्डातच ठेवतो. छे! उलटं सांगते.

एका पुढाऱ्याला कसल्याशा भानगडीत अटक झाली. त्याला कोठडी नको होती, दवाखान्याची स्वतंत्र खोली हवी होती. त्यामुळे गाडीतून उतरतानाच छातीत दुखायला लागलं. पाठोपाठ माझ्या फोनवर तीन ठिकाणांहून आवाज आले, आणि तिन्ही आवाजांना माझ्यापेक्षा जास्त मेडिसिन येत होतं.

ईसीजी छान, रक्ताचे रिपोर्ट छान. पण पुढारी छाती सोडेना. मी चिडले. मेजर सर मात्र म्हणाले, “दुखतंय म्हणतात ना? मग निरीक्षणाखाली ठेवायचं. हृदयाचा पेशंट म्हणून सगळं व्यवस्थित पाळायचं.”

दुपारी कार्यकर्त्यांनी डबा आणला. कडक भाकरी, शेंगा चटणी, वर तेलाची धार. झाकण उघडलं तसा सगळ्या वॉर्डाला वास सुटला. मेजर सरांनी डबा बंद केला. “हृदयाला तेल, तिखट, मीठ बंद. दुधी आणि मुगाचं पाणी.”

“किती दिवस?” पुढाऱ्यानं विचारलं.

“छाती दुखते तोवर.”

संध्याकाळचं मुगाचं पाणी यायच्या आत पुढारी कॉटवर उठून बसले आणि दारातल्या बनसोडेंना ओरडून म्हणाले, “ओ हवालदार, मी फिट हाय! न्या मला कोठडीत!”

बनसोडेंनी घाबरून माझ्याकडे बघितलं. “म्याडम, कंच्या अर्थानं?”

*

एक नवा फौजदार आला होता. उत्साही, टापटीप, मोबाईलवर भरपूर सिनेमे बघितलेला. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, “मॅडम, तुमच्याकडं ते खरं बोलायचं इंजेक्शन असतंय की. एक द्या ना. माणूस काही केल्या बोलेना.”

मी त्याला नीट समजावलं. माणसाच्या स्वतःच्या मर्जीशिवाय त्याला गुंगी देऊन बोलतं करायचं, हे कायद्यात बसत नाही. आणि कायद्यात बसलं असतं तरी मी सुई त्यासाठी हातात धरलेली नाही. सुई बरं करायला आहे. फौजदारानं मान हलवली, पण चेहरा असा की, आहे, पण मॅडम देत नाहीत!

तेवढ्यात आमच्या कमल सिस्टर मागून म्हणाल्या, “अहो साहेब, तसलं इंजेक्शन असतं तर पहिलं आमच्या स्टोअरकीपरला नसतं का दिलं? कापूस कधी येणार म्हणून गेला महिनाभर विचारतेय मी त्याला!”

*

मेजर सर फौजेतलं फारसं सांगत नसत. पण एकदा कँटीनमध्ये चहा जरा बरा जमला होता, तेव्हा सांगितलं.

लढाईचे दिवस. सर तेव्हा तरुण कॅप्टन. तंबूतल्या दवाखान्यात आमच्या जखमींबरोबर समोरच्या बाजूचाही एक जखमी जवान आलेला. पोटात गोळीचा तुकडा. सरांनी ऑपरेशन करून तो वाचवला. तो सरांखेरीज कुणाशी बोलेना, कुणाच्या हातचं खाईना.

मग चौकशी करणारे एक साहेब आले. सरांना म्हणाले, “डॉक्टर, त्याचा तुमच्यावर विश्वास बसलाय. तुम्हीच गोडीगुलाबीनं विचारा. त्यांची माणसं किती, तोफा कुठं, सगळं काढून घ्या.”

“यस सर,” म्हणून कॅप्टन आत गेले. बराच वेळ बसले. साहेब बाहेर येरझाऱ्या घालतायत. शेवटी सर बाहेर आले.

“बोलला का?”

“बोलला, सर. मन मोकळं केलं त्यानं.”

“काय म्हणाला?”

“पोट साफ होत नाही म्हणाला.”

साहेबांचा चेहरा लाल! “आणखी?”

“आणखी म्हणजे, सर, गॅसही होतात.”

आम्ही हसून हसून चहा सांडला. सर हसले नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, “पेशंट डॉक्टरला जे सांगतो, ते त्यानं डॉक्टरला सांगितलेलं असतं. ते मी इकडंतिकडं कसं देणार?” त्या वाक्यासाठी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं. पडले नाही, कारण त्यांना ते आवडत नाही.

*

आता शेवटचा. हा मी पाहुण्यांना नेहमी जेवणानंतर सांगते. आधीच सांगून टाकते, यातल्या सिद्रामनं पुढं आमच्या कमल सिस्टरच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग केलं, आणि झकास केलं. तेव्हा त्याची काळजी करू नका.

सीमेवर तणाव होता. टीव्हीवर रोज लढाई, शहरात भोंग्यांची तालीम, ड्रोन उडवायला बंदी. आणि नेमका सिद्राम, अक्कलकोटकडचा लग्नाचा फोटोग्राफर, तळ्याकाठी नवरा-नवरीला नाचवत वर ड्रोन उडवत होता. धरला! नवरा-नवरीला सोडलं, याला ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मेजर सर आणि मी ड्यूटीवर असताना, त्याला आमच्याकडे आणलं. बरोबर बनसोडे आणि वरून आलेले एक साहेब. वरून म्हणजे कुठून, ते त्यांनी सांगितलं नाही. सोलापूरचे नव्हते एवढं मात्र लगेच कळलं. कारण ते गंभीरपणे म्हणाले, “हा सांकेतिक भाषेत बोलतो. काल बायकोच्या नावानं फोन लावून सारखं विचारत होता, ‘ऊँट आया? ऊँट आया?’ उंट! वाळवंटातून काय येणार आहे, तेच आम्हाला काढायचंय.”

कॅज्युअल्टीतला प्लास्टरवाला, ड्रेसिंगवाला, सलाईन लावलेली आजी, सगळे एकदम हसत सुटले! आमच्याकडं निम्म्या घरांत कानडी कळतं. ‘ऊटा आयता?’ म्हणजे ‘जेवण झालं का?’ बिचारा बायकोला जेवलीस का विचारत होता!

साहेब हसले नाहीत. “ते आम्ही तपासू. आज आणि उद्या सलग चौकशी होईल. त्याला झोपू द्यायचं नाही, अशी सूचना आहे. फिट आहे ना, तेवढं लिहा.”

पडद्याआडून सिद्रामचा बारीक आवाज आला, “सर, माझ्या गोळ्या कॅमेऱ्याच्या बॅगेत राहिल्यात. बॅग जप्त झाली. काल रात्रीची चुकली, आणि रात्रभर जागाच आहे.”

“कसल्या गोळ्या?” मेजर सरांनी विचारलं.

सिद्रामनं सांगितलं. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी बनसोडेंकडे. बनसोडे खाकरले, ताठ उभे राहिले आणि बंदी घातलेला शब्द त्यांनी मोठ्यांदा उच्चारला, “फिट हाय की, साहेब!”

“बघा!” साहेब म्हणाले.

“तसं न्हाय वो. म्हंजे ह्याला... फिट हाय! झोप न्हाय झाली की येती!”

मेजर सरांनी शांतपणे समजावलं. हा फेफऱ्याचा पेशंट आहे, रात्रभर जागा आहे, गोळी चुकलीय. आणखी जागवला तर झटका येईल, आणि लागोपाठ आले तर जीव जाईल. मी याला ॲडमिट करतोय. झोप होऊ द्या, मग दिवसा काय विचारायचं ते खुशाल विचारा.

साहेबांनी फोन काढला, बाहेर गेले, आत आले. आवाज एकदम मऊ. “डॉक्टर, तुम्ही स्वतः फौजी. देशाचा प्रश्न आहे. आणि तुमचं कॉन्ट्रॅक्टही याच महिन्यात संपतंय असं कळलं.”

कमल सिस्टरनी माझा हात घट्ट धरला.

“मार्ग काढू,” साहेब पुढं म्हणाले. “तुम्हीच आमच्याबरोबर चला. डॉक्टर हजर असला की सगळं नियमात. तुम्ही काही करायचं नाही. शेजारी बसायचं, नाडी बघायची, आणि आम्ही कुठं थांबायचं, तेवढं फक्त सांगायचं.”

“तेवढंच?”

“तेवढंच.”

“सांगतो,” म्हणत मेजर सर उठले. स्टेथोस्कोप गळ्यात घातला. साहेब खुश. त्यांनी सिद्रामचा दंड धरला आणि दाराकडे निघाले, सर त्यांच्या पुढं. दारात पोचल्यावर सर वळले आणि दोन्ही हात चौकटीला लावून उभे राहिले.

“काय झालं?” साहेबांनी विचारलं.

“हितं,” मेजर सर म्हणाले. “हितं थांबायचं.”