जिना न चढलेले डॉक्टर

नजरबाद भागातल्या एका खासगी इस्पितळात आईला न्यूमोनियासाठी ठेवलं होतं, तेव्हा ते रोज दिसायचे. पंचेचाळिशीचे ड्यूटी डॉक्टर. नाव कोणीच घेत नसे; नर्स 'ड्यूटी डॉक्टर' अशी हाक मारायच्या आणि ते ओ द्यायचे. आईच्या पाठीला लावण्याआधी स्टेथोस्कोप तळहातावर घासून गरम करायची त्यांना सवय होती.

एका दुपारी ड्यूटी डॉक्टरांच्या प्रगतीसाठी वरच्या हॉलमध्ये प्रशिक्षण होतं. विषय, अत्यवस्थ रुग्ण कसा हाताळावा. बाकीचे सगळे गेले, हे खालीच.

"तुम्ही नाही गेलात?" मी विचारलं.

"सगळे शिकायला गेल्यावर वॉर्ड कोण बघायचं, हेळी, सांगा बघू?" आमच्या घरातल्यासारखंच कन्नड मिसळून ते बोलायचे. "हजेरी लागते माझी. सात सर्टिफिकिटं आहेत घरात. जिना एकदाही चढलो नाही."

तेवढ्यात आईचा श्वास अडकला, ओठ निळे पडले. त्यांनी तिला उठवून बसवलं, नळीने घशातला कफ ओढून काढला, ऑक्सिजन लावला. थोड्या वेळाने तिने पाणी मागितलं. वरून टाळ्या ऐकू येत होत्या.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर राउंडला आले. वयाने यांच्याहून लहानच. केसपेपर वाचून त्यांनी यांच्या पाठीवर थाप मारली. "बघा, कालच्या प्रशिक्षणाचा लगेच उपयोग झाला!"

"फार झाला, सर," हे गंभीरपणे म्हणाले.

ते त्या दुपारी जिना चढले असते, तर आईजवळ मी एकटाच असतो.